तुमच्या नावाचा मेसेज फिरतोय…

पूर्वी गावात बदनामी पायी चालायची. आमच्या नरडाण्यात कुणी म्हणालं, की अमक्या बाईच्या पापडात खडे निघाले, तर ती गोष्ट बेटावदला पोचायला दोन दिवस लागायचे आणि शिंदखेड्याला जाईपर्यंत तिच्यात आणखी चार खडे पडलेले असायचे! पण तेवढ्या वेळात ती त्या बाईच्याही कानावर यायची. मग ती पदर खोचून बाहेर पडायची, दोन घरी पापड तळून दाखवायची, आणि विषय तिथंच संपायचा.

आता तसं राहिलं नाही. सकाळी कुठल्या तरी ग्रुपवर एक फोटो पडतो आणि चहा उकळेपर्यंत तो दोंडाईचा, शिरपूर, धुळे करून सुरतला नोकरीला असलेल्या भाच्याच्या मोबाइलमध्ये पोचतो. ज्या बाईबद्दल तो फोटो आहे, तिला मात्र सगळ्यात शेवटी कळतं.

मैत्रिणींनो, हा विषय मोठ्या कंपन्यांचा आहे असं समजू नका. आपल्या गावातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, ताप्ती लाइनचं स्टेशन आहे, एमआयडीसी आहे. त्यामुळे डबे, खानावळ, पार्लर, शिवणकाम, साड्या, मसाले असं काही ना काही आता घराघरातून चालतं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसेही मोबाइलवर येतात. मग बदनामी तरी दुसरीकडून कशाला येईल? तीही त्याच दारानं येते. मोठ्या कंपनीकडे वकील असतो, जाहिरातीला पैसा असतो. आपल्याकडे भांडवल एकच, ते म्हणजे नाव. ते गेलं तर पोरांची फी, गटाचा हप्ता आणि घरात मिळवलेला मान, सगळंच धोक्यात येतं. म्हणून वेळ येण्याआधीच याचा विचार करून ठेवायला हवा.

आधी बघा, खरं की खोटं?

आमच्या स्टेशनवरून सुरतकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार आणि पुढे नवापूर लागतं. या नवापूरनं बदनामीचे दोन्ही प्रकार सोसले आहेत, खरा आणि खोटाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नवापूरच्या पोल्ट्री फार्ममध्ये. १८ फेब्रुवारीला त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि देशभरच्या बातम्यांत नवापूरचं नाव गेलं. पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही तो निघाला. आजार खरा होता. त्यामुळे तिथं 'आमचं सगळं चांगलं आहे' म्हणून चालणारच नव्हतं. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, अंडी नष्ट करावी लागली, फार्म धुऊन-पुसून रिकामे ठेवावे लागले. नुकसान डोळ्यांदेखत झालं. पण पुढे व्यवसाय पुन्हा उभा राहू शकला. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तिथं बर्ड फ्लू आला, तेव्हाही लाखो पक्षी मारावेच लागले.

मधल्या काळात, म्हणजे २०२० च्या सुरुवातीला, वेगळंच घडलं. कोरोनाची नुसती चाहूल लागली होती. तेवढ्यात कुठल्याशा आजारी कोंबड्यांचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले, 'चिकन खाऊ नका, कोरोना होतो' म्हणून. त्यात काडीचं तथ्य नव्हतं. तसं सरकारनं आणि पशुवैद्यांनी सांगितलंही. पण मेसेज पुढे आणि खुलासा मागे! कोंबडीचा भाव इतका पडला की खाद्याचा खर्चही निघेना. मार्च २०२० मध्ये बेळगाव जिल्ह्यात एका पोल्ट्रीवाल्यानं हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्याची बातमी आली होती, ती वाचून अंगावर काटा आला होता. पुढे लॉकडाउनमध्येच मागणी परत आली. पण ज्यांनी आपली पिल्लं आधीच संपवली होती, त्यांच्याकडे विकायला काही उरलं नव्हतं.

त्या वेळी हैदराबादमध्ये काय केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तेलंगणच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर, सगळ्या लोकांसमोर चिकन खाल्लं. भाषण कोण ऐकतं? पण समोरचा माणूस स्वतः खातो म्हटल्यावर बघणाऱ्याच्या मनातली शंका निम्मी तरी कमी होते.

म्हणजे बघा, धंदा तोच, भीतीही तीच, पण औषध वेगवेगळं. दोष खरा असेल तर तो मुळापासून काढायचा आणि काढला हे सांगायचं. गोष्ट खोटी असेल तर उघड्यावर, पुरावा दाखवून उत्तर द्यायचं. आपण बऱ्याचदा उलटं करतो. दोष खरा असला की चिडून भांडतो, आणि गोष्ट खोटी असली की 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणत गप्प बसतो. डर नसेल, पण ऑर्डर बंद होते त्याचं काय?

मोठ्यांकडून काय शिकावं?

ऑक्टोबर २००३ आठवतंय का? दिवाळीच्या तोंडावर मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. टीव्हीवर दिवसरात्र तेच. कंपनीनं सुरुवातीला सांगितलं, की कारखान्यात दोष नाही, दुकानदारांनी माल नीट ठेवला नसेल. हे खरं असेलही. पण घेणाऱ्या आईला त्याचं काय? तिनं पैसे कंपनीचं नाव बघून दिले होते, दुकानदाराचं कपाट बघून नाही. ऐन दिवाळीत खप घसरला.

मग कंपनीला सूर बदलावा लागला. 'विश्वास' नावाची मोहीम काढून त्यांनी दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवलं. २००४ च्या सुरुवातीला चॉकलेटचं वेष्टनच बदललं, आत हवाबंद चांदी आणि बाहेर आणखी एक आवरण. त्यानंतर अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. सगळ्यांना अमिताभ आठवतो. मला मात्र ती बदललेली चांदी महत्त्वाची वाटते. आधी वस्तूत सुधारणा, मग गाजावाजा. नुसता अमिताभ आणला असता आणि वेष्टन तेच ठेवलं असतं, तर दुसऱ्या अळीला तोही पुरला नसता.

दुसरं उदाहरण मॅगीचं. २०१५ मध्ये तिच्यात शिसं जास्त आहे असा अहवाल आला आणि ५ जूनला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ती बाजारातून काढायला सांगितली. त्याआधी किती तरी दिवस घरोघरी तीच चर्चा होती, आणि कंपनी मात्र मोजकंच बोलत होती. आपला माल चांगला आहे, आपल्याकडे तपासण्या आहेत, मग कशाला बोलायचं, असा काहीसा भाव. त्या शांततेत लोकांनी आपापले अर्थ काढले. १३ ऑगस्ट २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि पुन्हा तपासण्या करायला सांगितल्या. त्या तपासण्यांत शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानात परत आली. पण तोवर हजारो टन माल नष्ट झाला होता.

कंपनी न्यायालयात जिंकली, पण आयांच्या मनातली शंका जायला आणखी वेळ लागला. आपण जेव्हा बोलत नाही, तेव्हा आपल्या वतीनं दुसरंच कुणी बोलतं.

आमच्या वहिनींनी काय केलं?

आता घरचं उदाहरण सांगते. मी एका बचत गटाचे हिशेब लिहायला बसते. त्या गटातल्या एक वहिनी उन्हाळ्यात काळा मसाला, बिबडे आणि कुरडया करून विकतात. आखाजीला माहेरवाशिणी आल्या की परत जाताना प्रत्येकीच्या पिशवीत वहिनींचा मसाला असतोच. दोन वर्षांपूर्वी, ऐन आखाजीच्या पंधरा दिवस आधी, एका ग्रुपवर त्यांच्या मसाल्याच्या पुडीचा फोटो आला. मसाल्यात जाळी धरलेली, एक-दोन अळ्या. खाली लिहिलेलं, 'या बाईचा माल घेऊ नका, पोरं आजारी पडतील.' संध्याकाळपर्यंत तीन ऑर्डरी रद्द झाल्या.

वहिनी माझ्याकडे आल्या त्या रडतच. "बहिन, मन्हं नाव गयं," एवढंच म्हणत होत्या. त्यांचा मोठा मुलगा तर फोटो टाकणाऱ्याच्या घरी जाऊन भांडायला निघाला होता. धाकटा म्हणत होता, स्टेटस टाकून त्यांचीच लायकी काढू.

वहिनींनी दोघांनाही थांबवलं. म्हणाल्या, "आधी पुडी तर पाहू दे." त्या स्वतः त्या घरी गेल्या, भांडायला नाही, पुडी बघायला. "ताई, माझा माल खराब निघाला असेल तर मला बघायला हवा," असं म्हटल्यावर समोरच्या बाईंचाही आवाज खाली आला. पुडी निघाली मागच्या वर्षीची, तोंड उघडं, चुलीशेजारच्या फळीवर ठेवलेली. म्हणजे वहिनींचा दोष नव्हता?

थोडा होता. पुडीवर मसाला कधी केला याची तारीखच नव्हती, आणि किती महिन्यांत वापरायचा हेही नव्हतं. घेणाऱ्या बाईंना कसं कळणार?

मग वहिनींनी त्याच ग्रुपवर, त्याच रात्री लिहिलं. मी फक्त शुद्धलेखन बघितलं. मजकूर असा होता:

'फोटोतली पुडी माझीच आहे. ती मागच्या वर्षीची आहे. पुडीवर तारीख टाकली नव्हती, ही माझी चूक. ज्यांच्याकडे मागच्या वर्षीचा मसाला उरला असेल, त्यांनी आणून द्यावा, नवीन पुडी फुकट देईन. या वर्षी मसाला कसा भाजते, कसा कुटते, ते बघायला उद्या दुपारी माझ्या घरी या. ज्या ताईंनी खराबी लक्षात आणून दिली, त्यांचे आभार.'

ना शिवी, ना टोमणा, ना रडगाणं. दुसऱ्या दिवशी पाच-सात बायका आल्या. काही बघायला, काही नुसत्याच मजा बघायला! मिरची निवडताना बघितली, धणे-खोबरं भाजल्याचा वास घेतला, एकीनं तर तिथंच बसून भाकरीशी मसाला खाऊन बघितला. आठवड्याभरात चौदा जुन्या पुड्या परत आल्या. चौदा पुड्यांचं नुकसान झालंच. पण रद्द झालेल्या तीनपैकी दोन ऑर्डरी परत आल्या. तिसरी आली नाही. सगळंच भरून निघतं असं नाही, हेही सांगायला हवं.

वहिनींनी केलेल्या गोष्टी मोजल्या तर पाच निघतात. रागाच्या भरात काही लिहिलं नाही. वस्तू स्वतः बघितली. जिथं बदनामी झाली, तिथंच उत्तर दिलं. आपला जेवढा दोष तेवढा मान्य केला, त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. आणि शेवटचं, स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं. एखाद्या मोठ्या सल्लागारानं हजारो रुपये घेऊन यापेक्षा वेगळं काही सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

गूगलवरचा एक तारा

आता हायवेवरच्या हॉटेलापासून गल्लीतल्या पार्लरपर्यंत सगळ्यांची नोंद गूगलच्या नकाशावर असते. तिथं कुणीही तारे देतं, चार ओळी लिहितं. आमच्या ओळखीची एक मुलगी पार्लर चालवते. तिला कुणीतरी एकच तारा देऊन लिहिलं, 'तीन तास बसवून ठेवलं, केस खराब केले.' ती दोन रात्री झोपली नाही. मैत्रिणींना फोन करून म्हणत होती, प्रत्येकीनं पाच तारे द्या, म्हणजे तो खाली जाईल.

मी तिला म्हटलं, असं करू नकोस. एकाच दिवशी वीस जणींनी 'खूप छान, खूप छान' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही का? शिवाय खोटे अभिप्राय गूगलच्या नियमात बसत नाहीत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनंही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं आहे. त्याचा रोख हाच, की अभिप्राय खऱ्या ग्राहकाचे हवेत, विकत घेतलेले नकोत.

दुकानाची नोंद आपल्या नावावर करून घेता येते, त्याला पैसे लागत नाहीत. एकदा ती झाली की प्रत्येक अभिप्रायाखाली मालकीण म्हणून उत्तर लिहिता येतं. त्या मुलीनं लिहिलं, 'ताई, त्या शनिवारी लग्नाची गर्दी होती आणि तुम्हाला थांबावं लागलं, त्याबद्दल माफ करा. आता वेळ ठरवूनच बोलावते. केसांसाठी एकदा या, बघून सांगते, पैसे घेणार नाही.' बास, एवढंच. तक्रार करणारी आली नाही. पण नंतर एक नवीन गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचं उत्तर वाचलं, म्हणून आले."

मैत्रिणींनो, उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी असतंच, पण जास्त करून ते नंतर वाचणाऱ्या शंभर जणींसाठी असतं. आपली बोलायची पद्धत त्या बघत असतात. त्यामुळे गिऱ्हाइकाची खासगी गोष्ट, उधारी, तिच्या घरातलं काही तिथं चुकूनही लिहू नका. आणि जो अभिप्राय सरळसरळ खोटा आहे, म्हणजे ती व्यक्ती कधी आलीच नाही किंवा शिवीगाळ केली आहे, त्याची गूगलकडेच तक्रार करता येते. फक्त आपल्याला वाईट वाटलं म्हणून ते काढत नाहीत, नियम मोडला असेल तरच काढतात.

पैसे मागितले तर?

कधी कधी तक्रार हा नुसता बहाणा असतो. 'इतके पैसे द्या, नाहीतर व्हिडिओ टाकतो.' हे तक्रार करणं नाही, ही खंडणी आहे. २०२१ मध्ये पुण्यात चितळे यांच्या दूध उद्योगाकडे, दुधात काळा पदार्थ सापडला असं सांगून बदनामीची धमकी देत २० लाख रुपये मागितल्याचं प्रकरण गाजलं होतं. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली आणि संशयितांना अटक झाली. आपल्याकडे कुणी २० लाख मागणार नाही, पाचशे-हजार मागेल. आणि 'कशाला कटकट' म्हणून आपण देऊन टाकतो. एकदा दिलं की पुढच्या महिन्यात तो पुन्हा दारात. म्हणून रक्कम लहान असली तरी देऊ नका.

कायद्याचं थोडं सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यात बदनामीसाठी कलम ३५६ आहे आणि खंडणीसाठी कलम ३०८. फरक असा, की खंडणीत पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. नुसती बदनामी असेल तर ती अदखलपात्र असते, त्यासाठी आपल्याला न्यायालयात जावं लागतं. आणि खरी तक्रार कुणी सभ्य शब्दांत लिहिली, तर तो गुन्हा नाही. उगाच 'पोलिसांत देईन' अशी धमकी गिऱ्हाइकाला देऊ नका, त्यानं आपलीच शोभा होते. ऑनलाइन काहीही बोचरं लिहिलं की अटक व्हायची, असं ते जुनं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. आपल्या पालघरमधल्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यानंतर ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं.

माल सोडून बाईवर आले तर…

हे लिहावंच लागेल, कारण पुरुष दुकानदारांना हे सहसा सोसावं लागत नाही. बाईचा धंदा चालायला लागला की कधी तरी मेसेज मालाबद्दल नसतोच. 'रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं असतं', 'एवढे पैसे कुठून येतात', असे फाटे फुटतात. फोटो घेऊन घाणेरडं काहीतरी जोडलं जातं. मग घरातलेच म्हणतात, "बंद कर ते, पापड नकोत आणि बोलणी नकोत."

इथं खुलासा देत बसू नका. मसाल्याचा खुलासा देता येतो, चारित्र्याचा देण्याची गरजच नसते. जो मागतो त्यालाही नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट काढा. त्यात नंबर, ग्रुपचं नाव, तारीख-वेळ दिसली पाहिजे. मूळ मेसेज आणि तो फोन जपून ठेवा, रागानं काही डिलीट करू नका. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा आणि पोलीस ठाण्यात जा. स्त्रीच्या लज्जेला ठेच लागेल असं बोलणं-लिहिणं यासाठी न्याय संहितेत कलम ७९ आहे आणि ते दखलपात्र आहे. म्हणजे 'कोर्टात जा' म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. धुळ्याला सायबर पोलीस ठाणं आहे. घरी बसूनही केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, महिलांसाठी तिथं वेगळी सोय आहे.

आणि धंदा बंद करू नका. निदान त्या मेसेजमुळे तरी नको. ज्यानं तो लिहिला, त्याला नेमकं तेच हवं असतं.

आजच करून ठेवा

आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? नाव चांगलं आहे तोवरच ही तयारी ठेवा.

- खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा. १४ आकडी नंबर मिळतो, तो पुडीवर छापा.
- प्रत्येक पुडीवर केल्याची तारीख, किती दिवस वापरायची, आणि तुमचा फोन नंबर. नंबर असला की बाई ग्रुपवर जाण्याआधी तुम्हाला फोन करते.
- एक वही ठेवा. कोणत्या दिवशी कुठला माल केला, कच्चा माल कुठून आणला. शंका आली की त्याच दिवसाच्या पुड्या परत मागवता येतात, सगळ्या नाही.
- प्रत्येक खेपेतली एक पुडी स्वतःकडे बंद ठेवा. तुलना करायला उपयोगी पडते.
- नेहमीच्या गिऱ्हाइकांचा ग्रुप करा. वेळ आली की तुमचं म्हणणं त्यांच्यापर्यंत लगेच पोचतं, आणि तुमच्या आधी त्याच तुमची बाजू घेतात.
- घरात ठरवून ठेवा, की उत्तर एकच जण देईल. मुलगा एक, सून दुसरं आणि नवरा तिसरं बोलला, की खऱ्यालाही खोट्याचा वास येतो.
- उत्तर त्याच दिवशी द्या, पण पहिला राग गेल्यावर. लिहिलं की आधी एकीला वाचून दाखवा, मग पाठवा.

आणि आपण?

आतापर्यंत ज्यांची बदनामी होते त्यांच्याबद्दल बोललो. पण बदनामी पुढे ढकलणारी बोटं कुणाची असतात? आपलीच ना? दुपारी कामं आटोपून आपण मोबाइल घेऊन बसतो. 'अमक्या तेलात भेसळ', 'तमक्या दुकानात प्लॅस्टिकचे तांदूळ', आणि 'सगळ्यांना पाठवा' म्हटलं की पाठवतो. चांगल्याच हेतूनं पाठवतो, कुणाची पोरं आजारी पडू नयेत म्हणून.

पण चांगल्या हेतूनं पाठवलेल्या मेसेजनं काय होतं, हे आपल्या धुळे जिल्ह्याइतकं कुणी बघितलं नसेल. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. मर्यादा यंत्राला घातली. आपल्या बोटांना कोण घालणार?

एखाद्या बाईच्या डब्याची, मसाल्याची बातमी आणि ती घटना यांची तुलना होत नाही, हे मलाही कळतं. पण दोन्हींची सुरुवात एकाच सवयीतून होते. न विचारता पुढे पाठवण्याच्या.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या ओळखीच्या-अनोळखीच्या बाईच्या मालाचा फोटो आला, तर पाठवण्याआधी तिला एक फोन करून बघा. "ताई, असं असं आलंय, तुम्हाला माहीत आहे का?" एवढंच विचारा. दोष खरा असेल तर ती तो सुधारेल, आणि खोटा असेल तर तिला वेळेवर कळेल. या एका फोनला दोन मिनिटं लागतात. नाव कमवायला मात्र तिला दहा उन्हाळे चुलीसमोर बसावं लागलेलं असतं. बघा, पटतंय का!